पाणी फक्त कार्पेटपर्यंत होतं

सेकंडहँड गाड्यांच्या बाजारात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "साहेब, पाणी फक्त कार्पेटपर्यंत होतं." आता गंमत बघा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नई बुडाली. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या येमलूरमधल्या बुडालेल्या बेंटली आणि लेक्ससचे फोटो अख्ख्या देशाने पाहिले (आणि आपले आयटीवाले बंधू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून ऑफिसला गेले). पण विकायला येणारी प्रत्येक गाडी मात्र कार्पेटपर्यंतच भिजलेली! मग त्या छपरापर्यंत बुडालेल्या गाड्या गेल्या कुठे?

हे सगळं डोक्यात यायचं कारण आमचा एक मित्र. नाव नको, पोरगा सज्जन आहे. त्याला एक झेडफोर मिळतेय. तीन लिटर इंजिन, दोन सीट, उघडणारं छप्पर. डिसेंबर २०२३ च्या मिचाँग वादळात चेन्नईतल्या कुठल्याशा सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी होती, इन्शुरन्सवाल्यांनी टोटल लॉस धरून मोकळी केली. तशी धडधाकट गाडी वीस-बावीस लाखांच्या आत मिळत नाही, ही नऊ लाखांत. मित्राचं म्हणणं, "अरे, आपण इंजिनियर आहोत. दोन लाख घालू, नीट करू. एवढं काय?"

हे जे 'आपण इंजिनियर आहोत' आहे ना, माझं भांडण त्याच्याशी आहे.

बुडालेल्या गाडीबद्दल लोक इंजिनाला घाबरतात. खरं तर इंजिन हा त्यातला सगळ्यात प्रामाणिक भाग. तीन लिटर, सहा सिलिंडर म्हणजे एकाला ५०० सीसी. कॉम्प्रेशन दहास एक धरलं तर पिस्टन वर गेल्यावर जागा उरते साधारण ५५ सीसी, म्हणजे कटिंग चहापेक्षाही कमी. त्याहून जास्त पाणी आत असताना कुणी स्टार्टर मारला तर पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पण निदान कळतं तरी! आवाज येतो, इंजिन खोललं की दिसतं, खर्चाचा आकडा निघतो. आपल्या भाषेत, लॉगसकट क्रॅश झालेला प्रोग्रॅम.

खरी मेख वायरिंगमध्ये आहे. गाडीतली वायर म्हणजे तांब्याच्या बारीक तारांची वेणी. टोकाशी पाणी लागलं की ते त्या तारांमधून आत चढतं, वातीत तेल चढावं तसं. वरचं प्लास्टिक कोरडं, चकचकीत, आणि आत तांबं हिरवं पडत चाललेलं. ते काही त्या आठवड्यात बंद पडत नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने एखाद्या कनेक्टरचा रेझिस्टन्स वाढतो, एबीएसचा दिवा लागतो, गाडी बंद करून चालू केली की जातो. गॅरेजमध्ये नेली की सगळं ठीक. दर तिसऱ्या मंगळवारी प्रोडक्शनमध्ये येणारा आणि आपल्या मशीनवर कधीच न येणारा बग ज्याने आयुष्यात एकदा तरी शोधलाय, त्याने तरी 'नीट करू' म्हणू नये. तिथे निदान लॉग टाकता येतो. इथे सीटा, डॅशबोर्ड, कार्पेट सगळं उपसून हार्नेस बाहेर काढावं लागतं.

त्यात ही स्पोर्ट्स कार. जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. 'कार्पेटपर्यंत' हे हॅचबॅकला कदाचित किरकोळ असेल, पण अशा गाडीत कार्पेटपाशी काय काय राहतं ते बघा. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, खाली अगदी फ्लोअरलाच. बीएमडब्ल्यूवाले पुढचं-मागचं वजन सारखं राहावं म्हणून बॅटरी डिकीत ठेवतात. पोर्शेच्या पहिल्या बॉक्स्टरमध्ये इमोबिलायझरचा डबा सीटखाली होता. नुसतं पावसाचं पाणी आत साचलं तरी तो मरायचा आणि गाडी जागची हलायची नाही. ही पूर न येता होणारी गोष्ट!

आणि ही गाडी तू काय सोसायटीत फिरवायला घेतोयस? एक्सप्रेसवेवरच जाणार ना? एअरबॅग चालते का हे टेस्ट ड्राइव्ह घेऊन कळत नाही. ते एकदाच कळतं.

पैशांचं थोडक्यात सांगतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर जातो तेव्हा इन्शुरन्स कंपनी गाडी टोटल लॉस धरते. म्हणजे ज्याचा हा रोजचा धंदा आहे त्या सर्व्हेअरने गाडी बघून हिशोब केला आणि हात टेकले. तो हिशोब आमचा मित्र दोन लाखांत बसवणार. २०२२ च्या बंगळूरच्या पुरानंतर एकाला ११ लाखांच्या हॅचबॅकसाठी २२ लाखांचं एस्टिमेट मिळालं होतं, तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली. मान्य, वर्कशॉपची एस्टिमेटं फुगवलेली असतात आणि बाहेरचा मेकॅनिक एक तृतीयांशात करून देतो. पण कसं देतो? हार्नेस बदलत नाही, कनेक्टर स्प्रे मारून पुसतो. दिवे विझतात. डीलरने तेच तर केलंय.

पण माझा मूळ मुद्दा पैशांचाही नाही. मी त्याला विचारलं, "तीन वर्षांनी विकशील तेव्हा काय सांगशील?" तो हसला. म्हणाला, "कार्पेटपर्यंत होतं म्हणून सांगू."

झालं! म्हणजे हे नऊ लाख स्वस्त वाटतात ते पुढच्या माणसाला फसवता येईल या हिशोबावर. त्या माणसाला गाडी बुडाली होती हे कळणारच असेल, तर नऊ लाखही जास्त आहेत. 'जुगाड', 'चान्स घेतला' असली गोंडस नावं आपण याला देतो. उद्या ती गाडी घेणारा कदाचित आपल्याच टीममधला एखादा फ्रेशर असेल, पहिल्या बोनसवर स्वप्न बघणारा.

अमेरिकेत कॅटरिना वादळ २००५ मध्येच आलं, आपल्या २६ जुलैनंतर महिनाभराने. तिथे अशा गाडीच्या टायटलवर 'सॅल्व्हेज' किंवा 'फ्लड' असा शिक्का बसतो. लबाडी तिथेही चालते, गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन शिक्का धुवून काढतात. म्हणून २००९ पासून ग्राहकाला बघता येईल असा देशभराचा डेटाबेस सुरू झाला. आपल्या आरसीवर मालक, इंजिन नंबर, कर्ज, सगळं असतं, पण बुडाल्याची खूण नाही. 'वाहन'चा डेटाबेस आहे, टोटल लॉसचे पैसे देणाऱ्या कंपनीकडे चासी नंबर आहे. राहिला काय तर एक कॉलम. हो किंवा नाही! इतकी साधी चेंज रिक्वेस्ट आपल्याकडे आली तर आपण दुपारच्या चहाच्या आधी संपवू.

तो कॉलम येईपर्यंत ही जबाबदारी विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या तोंडावर आहे. म्हणून मित्राला सांगितलंय, घ्यायचीच तर प्रोजेक्ट म्हणून घे. सगळ्या वायरी उपस, नवीन हार्नेस टाक, एअरबॅग आणि बेल्ट नवे बसव, आणि ती बुडालेली आहे हे विकताना कागदावर लिहून दे. दर रविवारी पाना घेऊन येतो, वडापाव माझ्याकडून. त्यावर तो म्हणाला, "मग ती वीस लाखांच्या वर जाईल रे."