पिशवी काढली, दुखणे राहिले

फराळाच्या ताटापुढे बसून ओटीपोटाच्या दुखण्याची गोष्ट काढावी काय, असे कित्येकांना वाटेल. पण करंजीत साखर आहे, आणि ती कोणाच्या कष्टांतून आली हे विचारणे काही अशुभ नव्हे.

सातारा-सांगलीच्या फडांत दरसाल बीडकडून ऊसतोडीचे कोयते येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याला दंड. मग पाळीचे दुखणे परवडावे कसे? 2019 साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली.

आपण हळहळलो. माझे भांडण या हळहळीशीच आहे! कारण आपल्या सुखवस्तू घरांतही उत्तरे दोनच: "बाईच्या जातीला हे असायचंच," नाहीतर "मुलं झाली ना? मग पिशवी काढून टाका." दुखते कशाने, हे विचारतो कोण?

गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध आणि सांध्यांचे बंध एकाच जातीच्या, संयोजी ऊतींचे असतात. काहींच्या या ऊती जन्मतःच सैल असतात. अशा मुलीचा अंगठा वाकून हाताला टेकतो आणि पाहुण्यांपुढे तिचे कौतुक होते. वाकणारा प्रत्येक अंगठा रोगी नसतो, हे खरे; पण तिचे सांधे निखळू लागले, पाळीत रक्त फार जाऊ लागले, पुढे अंग बाहेर आले, तरी या साऱ्याचे मूळ एक असेल अशी शंका कोणाला येत नाही. पाळीच्या आगेमागे संप्रेरके चढउतरतात, तशी अनेकींची दुखणीही वाढतात. पिशवी काढल्याने कमरेचे सैल सांधे घट्ट होत नाहीत. उलट ऐन वयात दोन्ही अंडाशयेही गेली, तर इस्ट्रोजेन एकाएकी आटते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात.

शस्त्रक्रियेशी माझे वैर नाही. कर्करोगात, अनावर रक्तस्रावात ती प्राण वाचवते. ज्या मिरजेत 1894 साली डॉ. वानलेस यांनी रुग्णालय उभारले, त्या मुलखाने तिला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. पण शस्त्र हे उत्तर आहे. उत्तराआधी प्रश्न नको काय? दुखणे नेमके कशाचे? दुसरा उपाय आहे का? अंडाशये ठेवणार की काढणार? एवढे विचारल्याखेरीज संमतीच्या कागदावर अंगठा उठता कामा नये, मग तो फडातल्या बाईचा असो वा वाड्यातल्या.

या भाऊबीजेला तबकात ओवाळणी घालाच, पण सोबत एवढेही विचारा, "ताई, दुखतं का गं? केव्हापासून?" आणि तिचे सांगून संपेपर्यंत पाटावरून उठू नका.