मंडळ विद्यार्थ्यांचे, जबाबदारी कोणाची?

'याला ठाण्याला पाठवा' हा शेरा मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या थट्टेने मारला गेला. पुण्याकडे त्याच अर्थाने येरवड्याचे नाव घेतात. १९०१ मध्ये सुरू झालेले ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय वागळे इस्टेटला लागूनच आहे. मानसोपचाराची सरकारी सेवा इतकी हाताशी असणे ही खरे तर मोठी सोय. परंतु किसननगर वा लोकमान्यनगरातील एखादी विद्यार्थिनी त्या फाटकातून आत जाताना कोणाच्या दृष्टीस पडली, तर संध्याकाळी चाळीत काय चर्चा होईल, हे सांगण्याची गरज नाही. रस्त्याने मोजले तर अंतर थोडे आहे. अडसर आहे तो नावाचा.

महाविद्यालयांतील मानसशास्त्र मंडळांचे महत्त्व नेमके येथे आहे. १० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनी भित्तिपत्रके आणि पथनाट्य, एखादे व्याख्यान, एवढाच या मंडळांचा वार्षिक कार्यक्रम असतो, अशी टीका होते आणि ती पुष्कळदा खरीही असते. तरीही झोप उडाली आहे, वर्गात बसवत नाही, घरी फी मागण्याची हिंमत होत नाही, या गोष्टी मुले प्राध्यापकांच्या आधी बरोबरीच्यांनाच सांगतात. ऐकणारा वर्गमित्र निदान त्या शेऱ्याला हसणारा नसावा, एवढे जरी मंडळाने साधले तरी ते थोडके नव्हे.

प्रश्न किती गंभीर आहे, ते आकडेच सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील असून, राज्यांच्या यादीत आपला क्रमांक पहिला होता. पुढे २५ जुलै २०२५ रोजी, विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा आणि लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, असे त्यांत म्हटले आहे.

धोका सुरू होतो तो येथून. 'किमान एक' या शब्दांचा अर्थ कित्येक हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयातही 'एकच' असा लावला जाऊ शकतो. विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात समुपदेशक असावेत, असेही न्यायालयाने सुचविले आहे. मात्र ते सोयीस्करपणे विसरले जाण्याची शक्यता अधिक. मग नेमणूक होईपर्यंत, किंवा नेमणुकीऐवजीच, अहवालात दाखवायला मानसशास्त्र मंडळ असतेच! पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाने पुस्तकात नैराश्याची लक्षणे वाचलेली असतात. रात्री साडेअकराला आलेल्या 'आता काही अर्थ उरला नाही' या संदेशाला काय उत्तर द्यावे, हे ते पुस्तक शिकवीत नाही. त्या रात्री काही विपरीत घडले, तर त्या मुलाच्या मनावरील ओझे कोण उतरविणार?

स्वयंसेवकांना काम देऊच नये, असा याचा अर्थ नव्हे. ब्रिटनमध्ये एसेक्स विद्यापीठात १९७० मध्ये 'नाइटलाइन' ही विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी चालविलेली रात्रीची दूरध्वनी सेवा सुरू झाली आणि पुढे ती अन्य विद्यापीठांत पसरली. तिथे स्वयंसेवक प्रशिक्षण घेऊनच फोनवर बसतो आणि सल्ला न देता ऐकतो. ही मर्यादाच त्याचे रक्षण करते. तज्ज्ञांच्या देखरेखीचा धडा घ्यायला तर ठाण्याबाहेर जाण्याचेही कारण नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये याच शहरात 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था उभी केली. व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनाही तिने कामात सामावून घेतले, पण तज्ज्ञांच्या सोबतीने. 'वेध' परिषदांतून करिअरच्या निमित्ताने मनाविषयीचे बोलणे तिने पालकांपर्यंतही नेले.

महाविद्यालयीन मंडळांना याच धर्तीवर चौकट आखून देता येईल. विद्यार्थ्याने ऐकावे, निदान करू नये. सांगितलेले चारचौघांत जाऊ देऊ नये; मात्र जिवाला धोका दिसताच गुप्ततेचे वचन बाजूला ठेवून त्याच वेळी जबाबदार प्राध्यापकाला कळवावे. त्या प्राध्यापकाचा क्रमांक रात्रीही लागला पाहिजे, हे ओघाने आलेच. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. तो क्रमांक मंडळाच्या फलकावर ठळक हवा. आणि ऐकणाऱ्या मुलांना स्वतःला मोकळे होण्यासाठी दर आठवड्याला तज्ज्ञासमवेत तासभर मिळायला हवा. त्या तज्ज्ञाच्या मानधनाची तरतूद संस्थेच्या अंदाजपत्रकातच असावी, मंडळाच्या वर्गणीतून नव्हे.

उरतो प्रश्न त्या फाटकाचा. औषधोपचाराची गरज असलेल्या मुलीला वा मुलाला पहिल्या खेपेस एकट्याने बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभे राहावे लागू नये, म्हणून मंडळातील कोणी सोबत गेले, तर त्या दोघांची त्या दिवशीची हजेरी महाविद्यालय लावणार आहे काय?