लाखाची गोष्ट, रिकाम्या खिशांची माणसे

वाचकहो, तुमच्यापैकी जे आज साठी-सत्तरीच्या घरात आहेत, त्यांना जत्रेतला तंबूतला सिनेमा आठवत असेल. खाली माती, वर कनात, मागे यंत्राची घरघर, आणि पडद्यावर काळी-पांढरी माणसे हलताहेत. रडका चित्रपट असला, की आयाबाया पदर डोळ्यांना लावीत. विनोदी असला, की सगळा तंबू एका दमात हसे. अशा हसवणाऱ्या जुन्या मराठी चित्रपटांत ‘लाखाची गोष्ट’चे नाव फार वरचे आहे. चित्रपट १९५२ सालचा. आज गोष्टीपेक्षा ती रचणाऱ्या माणसांविषयी थोडे बोलू.

गोष्ट तशी एका ओळीची आहे. एका कफल्लक तरुणाला एक लाख रुपये मिळतात, आणि अट अशी, की ते सगळे एका महिन्यात खर्च करून दाखवायचे! तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? पण त्या वर्षी सोन्याचा भाव तोळ्याला शंभर रुपयांच्या आत होता. म्हणजे लाखात हजार तोळ्यांहून जास्त सोने यायचे. ज्याने आयुष्यात शंभराची नोट नीट पाहिली नाही, त्याने एवढा पैसा संपवायचा कसा? सगळी गंमत या पेचात आहे.

आता मौज पाहा. लाख रुपये उधळण्याची ही गोष्ट ज्यांनी पडद्यावर आणली, त्यांतले बहुतेक जण गरिबीतून वर आलेले होते.

कथा, संवाद आणि गाणी ग. दि. माडगूळकरांची. हे आपल्या माणदेशचे. जन्म १९१९ चा, शेटफळे गावचा. आटपाडीकडचा तो मुलूख दुष्काळी. पावसाची वाट पाहण्यात तिथली पिढ्यान्‌पिढ्या गेली. घरची ओढाताण आणि मॅट्रिकला आलेले अपयश घेऊन हा मुलगा कोल्हापूरला गेला आणि १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात बारीकसे काम करून सिनेमात शिरला. पुढे ‘गीतरामायण’ लिहिणारे गदिमा ते हेच.

संगीत सुधीर फडके यांचे. जन्म १९१९ चाच, कोल्हापूरचा. तरुणपणी पोटासाठी ते उत्तर हिंदुस्थानात गावोगाव हिंडले. उपास काढले, उघड्यावर झोपले. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी ते दिवस काहीही न लपवता सांगितले आहेत. ज्याला आपण बाबूजी म्हणून मान दिला, त्याच्या गळ्यातला गोडवा असा तावून-सुलाखून आलेला होता.

दिग्दर्शक राजा परांजपे, मिरजेचे, जन्म १९१० चा. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली त्यांनी धडे घेतले. या चित्रपटात त्यांनी कामही केले आहे. परांजपे, माडगूळकर आणि फडके या तिघांची जोड अशी काही जमली, की पुढे ‘ऊनपाऊस’, ‘जगाच्या पाठीवर’ असे एकाहून एक सरस चित्रपट आले.

आणि नायक राजा गोसावी! हा सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातला, सिद्धेश्वर कुरोलीचा गडी. मास्टर विनायकांच्या कंपनीत तो शिरला तो पडेल ते काम करणारा पोऱ्या म्हणून. मग सुतारखात्यात गेला, रंगपटात गेला, दिव्यांपाशी राबला, गर्दीतला माणूस म्हणून उभा राहिला. १९४७ साली विनायकराव वारले आणि तो आधारही गेला. पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात त्याने तिकिटे विकण्याची नोकरी धरली. ‘लाखाची गोष्ट’ तिथे लागला, तेव्हा पडद्यावरचा नायकच खिडकीत बसून तिकिटे फाडून देत होता! पैसे मोजून घेणारा हा हात आत गेल्यावर लाख रुपये उधळताना दिसणार, हे पाहून लोकांना केवढे नवल वाटले असेल! गोसावींनी मात्र या नोकरीची लाज बाळगली नाही. नाव झाले, तरी ती हकिकत लोक कौतुकानेच सांगत राहिले.

नायिका दोघी, चित्रा आणि रेखा. या सख्ख्या बहिणी. सुखटणकरांच्या कुसुम आणि कुमुद. पडद्यासाठी ही नवी नावे त्यांना गदिमांनीच दिली. पुढे चित्रा नवाथे आणि रेखा कामत म्हणून त्या ओळखल्या गेल्या. रेखाताईंना नव्या पिढीने दूरदर्शन मालिकांतल्या प्रेमळ आजी म्हणून पाहिले. २०२२ साली रेखाताई गेल्या आणि २०२३ साली चित्राताई.

हसवण्याचे काम रडवण्याहून अवघड, असे या धंद्यातले लोक सांगतात. वाक्य एका श्वासाने उशिरा आले, की हशा गेला. दोन विनोद लागोपाठ आले, तर पहिल्याच्या हशात दुसरा बुडाला. म्हणून लिहिणारा, बोलणारा आणि फीत कापून जोडणारा अशा तिघांचा ताल एक लागतो. त्यातून चित्रपट काळा-पांढरा. रंगांची मदत नाही. माणूस भिंतीपासून वेगळा दिसायचा, तर तो दिव्याच्या जोरावर. असे दिवे धरणारे, भिंती उभ्या करणारे, खुर्च्या हलवणारे हात पडद्यावर कधी दिसत नाहीत. गोसावी स्वतः त्या हातांपैकी एक होता. लाजऱ्या-बुजऱ्या, गोंधळलेल्या गरीब माणसाचे सोंग त्याला इतके सहज वठले, त्यात या राबण्याचा वाटा नक्की आहे.

हे सगळे सांगायचे कारण, हल्ली पुष्कळ घरांतून आईबापांची एक काळजी ऐकू येते. मुलगा म्हणतो, मला सिनेमात जायचे आहे. मुलगी म्हणते, मला नाटकात काम करायचे आहे. घरात भांडण पेटते. अहो, एकदम ‘नाही’ म्हणू नका, आणि शेत विकून मुंबईचे तिकीटही काढून देऊ नका. त्याला विचारा, बाबा रे, सुतारकाम करशील? दिवे उचलशील? वेळ आली तर खिडकीत बसून तिकिटे विकशील? यावर तो मनापासून ‘हो’ म्हणाला, तर त्याच्या पाठीवर हात ठेवा. तोंड वाकडे केले, तर त्याला नुसते नाव हवे आहे, काम नको आहे, हे ओळखा. शेतात तरी दुसरे काय असते? ज्याला नांगरट आणि खुरपणी नको, त्याच्या खळ्यावर रास पडत नाही.

‘लाखाची गोष्ट’ पुन्हा पाहण्याचा योग आला, तर घरातल्या पोराबाळांना शेजारी घेऊन बसा. सुरुवातीला नावे येतात, तेव्हा चहा आणायला उठू नका. ती नावे मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्यातला कोण कुठल्या गावचा, हेही सांगा.