प्रिंटर एक, घर सगळे



गेल्या पावसाळ्यात आमच्या भावकीतल्या एका वाड्यात जाणे झाले. दोघे भाऊ, चुली वेगळ्या, पण वाडा एक आणि विहीरही एकच. दोघांनी निम्मे-निम्मे पैसे घालून शाईच्या टाकीचा प्रिंटर आणला होता. तो बसवला थोरल्याच्या खोलीत आणि तारेने जोडला त्याच्याच संगणकाला. पुढे एक दिवस धाकट्याच्या मुलीचा प्रवेशअर्ज छापायचा होता. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. थोरल्याकडची मंडळी लग्नाला गेलेली, खोलीला कुलूप, संगणक बंद. पोरीला पहाटेच्या एस्टीने तालुक्याला जाऊन प्रिंट काढावी लागली. अर्ज वेळेत पोचला, पण धाकटी जाऊ बोलून गेली, "निम्मे पैसे आमचे आणि कुलूप मात्र तुमचे!" दोन महिने जावाजावांत बोलणे नव्हते.

माझ्या मते चूक थोरलीची नव्हती आणि धाकटीचीही नव्हती. चूक त्या तारेची होती. म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. घरातला वायफायचा डबा, म्हणजे राउटर, दोन निरनिराळी कामे करतो. एक, बाहेरचे इंटरनेट घरात आणतो. दोन, घरातले संगणक, फोन आणि प्रिंटर एकमेकांना जोडतो. गावाचा रस्ता पुराने बंद झाला म्हणून घरातले माणूस सोप्यातून माजघरात जायचे थांबत नाही. तसेच बाहेरची लाइन तुटली तरी डब्याला वीज आहे तोवर घरातल्या घरात प्रिंट निघते. मात्र काही नवे प्रिंटर असे आहेत की त्यांना सदा इंटरनेट लागते. घेण्याआधी दुकानदाराला हे विचारूनच पैसे मोजा.

प्रिंटर सगळ्यांत वाटून घ्यायचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग जुन्या, फक्त तारेच्या प्रिंटरसाठी. प्रिंटर एका संगणकाला जोडलेला राहतो आणि तो संगणक बाकीच्यांना वाट देतो. विंडोजच्या संगणकावर सेटिंग्जमध्ये प्रिंटरच्या यादीत जा, आपला प्रिंटर निवडा, 'प्रिंटर प्रॉपर्टीज' उघडा आणि 'शेअरिंग'च्या पानावर 'शेअर धिस प्रिंटर' या चौकटीत खूण करा. त्याला सोपे, छोटे नाव द्या. मग दुसऱ्या संगणकावर प्रिंटर जोडण्याच्या यादीत तो दिसला पाहिजे. जोडताना पहिल्या संगणकाचे नाव आणि पासवर्ड मागितला तर घाबरू नका. परक्याने आत शिरू नये म्हणून ती कडी आहे.

या मार्गात दोन अडचणी येतात. एक तर तो पहिला संगणक चालू असावाच लागतो. तो बंद असला किंवा झोपी गेला की साऱ्या घराची प्रिंट अडली. वाड्यात झाले ते हेच. दुसरी अडचण अशी की विंडोज प्रत्येक वायफायला 'पब्लिक' नाहीतर 'प्रायव्हेट' समजते. पब्लिक म्हणजे एस्टी स्टँडासारखी जागा, तिथे संगणक आपले दार लावून बसतो. घरच्या वायफायला प्रायव्हेट करा, म्हणजे घरातले एकमेकांना दिसतील. पुष्कळांचा प्रिंटर 'दिसत नाही' तो एवढ्याचमुळे.

दुसरा मार्ग चांगला. प्रिंटरमध्येच वायफाय असेल तर कोणत्याही संगणकाला न बांधता तो थेट राउटरला जोडा. प्रिंटरला पडदा असेल तर त्यावर वायफायचे नाव निवडून पासवर्ड टाका. पडदा नसेल तर राउटरवर 'डब्ल्यूपीएस' असे लिहिलेले बटण आहे का पाहा. ते दाबून दोन मिनिटांच्या आत प्रिंटरचे वायफायचे बटण पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दाबले की दोघांची ओळख होते. मग कोणाचा संगणक बंद असला तरी बिघडत नाही. फोनवरूनही प्रिंट निघते. ॲपलच्या फोनात एअरप्रिंटची सोय २०१० पासून आहे आणि आताच्या अँड्रॉइड फोनांतही छपाईची सोय आतच असते.

आता नेहमीच्या तक्रारी.

"काल चालत होता, लाइट गेली, आली, आणि आज चालत नाही." राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो, जसे १९२.१६८.१.२०. वीज जाऊन आली की तो कधी कधी पत्ते बदलून टाकतो. संगणक कागद जुन्याच पत्त्यावर पाठवत राहतो आणि पोस्टमनला घर सापडत नाही. याला उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' करून प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवणे. वायफाय बसवायला येणाऱ्या मुलाकडून एकदा करून घ्या आणि तो पत्ता प्रिंटरवर चिकटवून ठेवा.

"प्रिंटरला आमचे वायफाय सापडतच नाही." स्वस्तातले बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात, ५ च्या नाही. डब्यावर दोन नावे दिसत असतील तर २.४ चे निवडा. ते जाड भिंतीतूनही त्यातल्या त्यात लांब जाते. पत्र्याच्या खोलीत मात्र प्रिंटर ठेवू नका, पत्रा लहरी अडवतो. पाहुण्यांसाठी वेगळे 'गेस्ट' वायफाय असेल तर त्यावरून घरचा प्रिंटर बहुधा दिसत नाही, हेही लक्षात असू द्या.

"पाठवले आहे, पण निघत नाही." प्रिंटची रांग ही पाटाच्या पाण्याच्या पाळीसारखी असते. वरच्याने चारी तुंबवली की खालचे सगळे कोरडे. ज्याचे काम अडकले आहे त्याने आपल्या संगणकावरची रांग उघडून ते रद्द करावे. पुन्हापुन्हा प्रिंटचे बटण दाबू नये, नाहीतर चारी मोकळी झाली की एकाच अर्जाच्या सात प्रती बाहेर येतात आणि कागद वाया जातो.

घरच्या यंत्राची थोडी निगाही हवी. शाईचा प्रिंटर बंद करताना त्याच्याच बटणाने करा, भिंतीवरच्या बटणाने नको. स्वतःच्या बटणाने बंद झाला तर तो शाईच्या तोंडावर झाकण लावून घेतो आणि शाई वाळत नाही. आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा. लेझर प्रिंटर तापताना एकदम खूप वीज ओढतो, तो लहान इन्व्हर्टरवर लावू नका. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि आत अडकतो, म्हणून उघडलेला गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. यंत्र सगळ्यांचे झाले म्हणजे त्यातून निघणारा कागदही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतो. बँकेचा उतारा, आधारची प्रत, दवाखान्याचा कागद काढाल तर लगेच उचला. वायफायचा पासवर्ड गल्लीभर वाटू नका. ज्याला वायफाय मिळते त्याला बहुधा प्रिंटरही मिळतो.

त्या वाड्यात आता प्रिंटर दोन्ही घरांच्या मधल्या सोप्यात ठेवला आहे, राउटरला जोडून. कोणाच्याही खोलीला कुलूप असो, अर्ज अडत नाही. शेजारी खिळ्याला एक वही टांगली आहे. ज्याने जितकी पाने काढली त्याने तितकी लिहायची. शाई संपली की वहीवरून वर्गणी.

प्रिंटरने जावांचे बोलणे सुरू केले असे मात्र मी म्हणणार नाही. शाई संपल्यावर पहिल्यांदा वही घेऊन हिशेबाला दोघींना शेजारी बसावे लागले. थोरलीने पाने मोजली, धाकटीने बेरीज केली, आणि बेरीज चुकली म्हणून दोघीही हसल्या. तिथून सुरू झाले.

तुमच्याही घरी सामाईक वस्तू असेल तर ती कोणाच्या कुलपात आहे ते एकदा पाहा. बाकी पुढच्या खेपेला. रामराम.