टँकर आला आणि मुली उठल्या

उन्हाळ्याच्या सुट्टीत मराठवाड्यातल्या एका वस्तीत आम्ही किशोरवयीन मुलामुलींचं शिबिर घेत होतो. संध्याकाळी करमणूक म्हणून ‘सँड लँड’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका दाखवायचं ठरलं. निवड माझीच. गोष्ट वाळवंटातली, विषय पाण्याचा, लढा जुलमी राजाशी. मुलांना आवडेल आणि नंतर चर्चाही घेता येईल, असा हिशोब होता. संवाद मी मधेमधे मराठीत सांगत होते. दुसऱ्या संध्याकाळी गोष्ट ऐन रंगात आली आणि बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. सगळ्या मुली एकदम उठल्या, हंडे-कळशा उचलून पळाल्या. मुलगे जागचे हलले नाहीत. पडदा चालूच राहिला आणि मीही उरलेल्यांना गोष्ट समजावत राहिले. पाण्याची गोष्ट कशी संपली हे मुलींना दुसऱ्या दिवशी मुलग्यांनी सांगितलं.

मैत्रिणींनो, तेव्हापासून ही मालिका माझ्या डोक्यातून जात नाही. मी तिचं पहिलं कथानक पाहिलं आहे. हे मत तेवढ्यावरच आधारलेलं आहे.

आधी चांगलं ते सांगते. अकिरा तोरियामा यांनी ही चित्रकथा २००० साली लिहिली. २०२३ मध्ये तिच्यावर चित्रपट झाला आणि मार्च २०२४ मध्ये मालिका आली. त्याच महिन्याच्या सुरुवातीला तोरियामा वारले. गोष्ट अशी: युद्धांनी आणि निसर्गाच्या कोपाने जग वाळवंट झालं आहे. नदी आटली आहे. पाणी राजाच्या मालकीचं आहे आणि तो ते चढ्या भावाने विकतो. एका गावचा म्हातारा शेरीफ झरा शोधायला निघतो. त्याचं नाव राव, त्यामुळे आमच्या मुलांना तो लगेच आपलासा वाटला! मदत मागायला तो जातो माणसांनी वाळीत टाकलेल्या राक्षसांकडे. राक्षसांचा राजपुत्र बेल्झेबब आणि थीफ नावाचा म्हातारा राक्षस त्याच्यासोबत निघतात. राजाच्या सैन्याचा एक रणगाडा पळवून तिघं वाळवंट तुडवत जातात.

पुढे कळतं की राव हा एके काळचा नामवंत सेनापती. पिच्ची नावाची जमात घातक शस्त्र बनवते आहे असं सांगून त्याच्या हातून तिचा संहार करवला गेला होता. खरं तर ते लोक पाणी तयार करण्याच्या खटपटीत होते. आणि नदी? ती आपोआप आटलेलीच नाही. सैन्याने ती वर धरण बांधून अडवली आहे. टंचाई ही नैसर्गिक आपत्ती नाही, ती केलेली आहे, आणि तिच्यावर कोणाची तरी तिजोरी भरते आहे. हे दहा-बारा वर्षांच्या मुलांना इतक्या सोप्या रीतीने सांगणारी गोष्ट मी क्वचितच पाहिली. आम्ही शिबिरात तासभर बोलून जे पोचवू शकत नाही, ते या मालिकेने पोचवलं.

म्हणूनच तिच्याशी भांडायचं आहे. वाईट मालिकेशी भांडून काय मिळणार?

या तहानलेल्या देशात पाणी भरतं कोण? सबंध कथानकात मी ते शोधत राहिले. पाणी लुटणारे आहेत, विकणारे आहेत, अडवणारे आहेत, शोधणारे आहेत. रांग लावणारी, डोक्यावरून वाहून आणणारी, घरात पुरवून पुरवून वापरणारी, आजाऱ्याला जास्त देऊन स्वतः घोटभर कमी पिणारी कोणी नाही. गोष्टीला वळण देईल अशी एकही बाई या कथानकात नाही. राजा, सेनापती, शेरीफ, राक्षस, लुटारू: सगळे बाप्ये. लुटारूंचं एक कुटुंब आहे, तेही बाप आणि त्याचे मुलगे! मग या जगात लहान मुलांना आंघोळ कोण घालतं? भांडी कशाने घासली जातात? पाळीच्या दिवसांत पोरी काय करतात?

‘अहो, लहान मुलांचं कार्टून ते!’ असं आमच्याच एका सहकाऱ्याने मला ऐकवलं. लहान मुलांचं आहे म्हणून तर प्रश्न आहे. राजा खोटं बोलतो हे मुलांना कळू शकतं, सरकार निरपराध जमातीला शत्रू ठरवतं हेही कळू शकतं, मग पाणी कोणाच्या तरी मानेवरून घरात येतं एवढंच तेवढं कळणार नाही?

दुसरा आक्षेप असा की पुढच्या कथानकात अ‍ॅन नावाची, यंत्रांची जाणकार असलेली तरुणी येते. येऊ दे, आनंदच आहे. पण मी बायकांची डोकी मोजत नाही. मुलीच्या हातात पाना दिला म्हणून दुसऱ्या मुलीच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही. हवी आहे ती श्रमाची दखल. वाटेत पाणी संपेल का, याची धास्ती कथाकाराला साहसाची वाटते. रोजचं पाणी घरात येणं मात्र गृहीत.

तिसरा आक्षेप: जपानी कथाकाराकडून ही अपेक्षा का? कारण त्याच देशात ती पूर्ण झालेली आहे. हायाओ मियाझाकी यांच्या १९८४ च्या ‘नौसिका’ या चित्रपटातही जग उद्ध्वस्त झालेलं आहे आणि झाडंझुडपं विषारी झाली आहेत. तिथे नौसिका ही मुलगी खोल जमिनीतून उपसलेलं स्वच्छ पाणी घालून तीच झाडं गुपचूप वाढवून बघते. ती विषारी उरत नाहीत. दोष झाडांचा नाही, माती-पाण्याचा आहे, हे ती स्वतःच्या हाताने शोधून काढते. पाण्याचं ज्ञान बाईकडे असू शकतं, आणि त्यावर थरारक गोष्टही उभी राहते, हे चाळीस वर्षांपूर्वीच दाखवून झालं आहे.

आणि आपण? मुंबईत मृणाल गोरे यांना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत, कारण हंडा घेऊन रांगेत ताटकळणाऱ्या बायकांचा प्रश्न त्यांनी मोर्चाने रस्त्यावर आणला. तरीही आपल्याकडे झरा शोधणारा, बंधारा बांधणारा तो ‘जलनायक’, आणि पाणी भरणारी ती नुसती बाई. गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या बायका असाव्यात असा नियम आहे. किती गावांत त्या बैठकीला जातात आणि किती गावांत सहीपुरतं रजिस्टर घरी येतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. कालव्याचं पाणी जमिनीच्या मालकाला, आणि सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. बाईचा पाण्याशी संबंध फक्त वाहण्यापुरता!

‘सँड लँड’मध्ये शेवटी धरण फुटतं, पाणी वाहू लागतं आणि सगळे आनंदाने बेभान होतात. तो क्षण सुंदर आहे, माझेही डोळे भरून आले. पण फुटलेलं पाणी आपोआप कोणाच्या घरात शिरत नाही. नळ कोणत्या आळीपर्यंत जाणार, दलित वस्तीला किती वाजता सुटणार, हे ठरवायला कोण बसणार? तिथेही पुन्हा हेच तिघं बसणार असतील, तर हंडा आहे तिथेच राहील.

ही मालिका दाखवू नका असं मी म्हणत नाही. जरूर दाखवा. पण दाखवताना थांबा. धरण फुटल्यावर मुलामुलींना विचारा: आता पाणी भरायला कोण जाईल? आणि मुलगे काय उत्तर देतात ते लिहून ठेवा.

त्या संध्याकाळी मी सामाजिक कार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली बाई, स्त्रीवादी शिबिराची संयोजक. पडदा बंद करून ‘चला, सगळ्यांनी हंडे उचला’ एवढं म्हणणं मला सुचलं नाही. मुली उठल्या ते मलाही तितकंच साहजिक वाटलं. तोरियामांना दोष देताना हा दोष मी माझ्या खाती मांडते. पुढच्या शिबिरात टँकरचा हॉर्न वाजला की आधी पडदा बंद होईल, आणि मुलगे पुढे जातील.