टंचाईच्या तयारीचा कस ऑक्टोबरात लागतो

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, ठाणे
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, ठाणे

विषय : शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील पाणीटंचाईची आगाऊ तयारी



पावसाळा सरत आला आहे. विहिरी भरल्या आहेत, ओढे वाहत आहेत आणि पाण्याविषयी कुणाची तक्रार नाही. म्हणूनच हे पत्र आत्ता लिहीत आहे.

भूकंप किंवा दरड कोसळणे सांगून येत नाही. आमच्या डोंगराळ पाड्यांवरचे संकट मात्र दरवर्षी ठरल्या वेळी येते. पाऊस भरपूर पडतो, पण काळ्या कातळावरून वेगाने वाहून जातो. उन्हाळ्याची चाहूल लागली की विहिरी तळ गाठू लागतात, आणि डोळखांब, कसारा, टोकावडे या भागांतल्या पाड्यांवर बायांचा दिवस हंड्याभोवती फिरू लागतो. मग टँकरची मागणी सुरू होते. इतक्या ठरल्या वेळी येणाऱ्या संकटाला अचानक उद्भवलेली आपत्ती म्हणता येत नाही. ती तयारीची परीक्षा असते, आणि तिचा अभ्यास ऑक्टोबरातच सुरू व्हायला हवा.

ही परीक्षा याच भूमीवर व्हावी, याचे दुःख मोठे आहे. इथलेच तानसा धरण १८९२पासून मुंबईला पाणी देत आहे. त्यानंतर मोडक सागर आले, भातसा आले. भातसाचे पाणी नदीतून पिसे बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तिथून मुंबईला पोहोचते. मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा त्याचा आहे. मुरबाडच्या बारवी धरणावर औद्योगिक वसाहती आणि आसपासची शहरे जगतात. मुंबईकराने पाणी पिऊ नये, असे इथे कुणीही म्हणत नाही. तहान काय असते, ते आम्हाला ठाऊक आहे. पण शहराचे पाणी कमी होते तेव्हा तिथली यंत्रणा कशी वागते, तेवढे आपण पाहावे.

२०२४च्या उन्हाळ्यात धरणांचा साठा घटला. मुंबई महापालिकेने ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात होणार हे आधी जाहीर केले. साठा किती उरला, हे नागरिकांना रोज वर्तमानपत्रांतून कळत होते. गैरसोय झाली, पण कधी, किती आणि का, हे प्रत्येकाला माहीत होते. ज्या पाड्याच्या डोंगरावरून ते पाणी वाहत येते, त्या पाड्यावरच्या बाईला टँकर आज येणार की उद्या, हे कोण सांगतो? टँकरची वाट पाहण्यात तिची मजुरी बुडते आणि तिच्या मुलीची शाळा बुडते. पाण्याइतकीच तिला खात्रीशीर माहितीची गरज आहे. संकटात लोक त्रास सोसतात, पण अंधारात ठेवले गेले की त्यांचा विश्वास तुटतो, आणि तुटलेला विश्वास पुढच्या वर्षी कोणत्याही टँकरने भरून निघत नाही.

तयारी म्हणजे काय, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कोरोनाची पहिली लाट ओसरत असताना नंदुरबारचे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पुढची लाट येईल असे गृहीत धरले आणि आदिवासीबहुल जिल्ह्यात प्राणवायूचे प्रकल्प उभे करायला घेतले. २०२१मध्ये देशभर प्राणवायूसाठी धावाधाव सुरू झाली तेव्हा नंदुरबारकडे स्वतःची सोय होती. त्या वेळी वाचलेले जीव आधीच्या शांत महिन्यांतल्या निर्णयांनी वाचले.

असे निर्णय घेण्यासाठी नवा कायदा लागत नाही. टंचाई कृती आराखडा ऑक्टोबर ते जून या काळासाठी दरवर्षी होतोच. विहिरींचे खोलीकरण, गाळ काढणे, खासगी विहिरींचे अधिग्रहण, विंधन विहिरी, टँकर, हे सगळे त्यात असते. आमची मागणी त्यापुढची आहे.

पहिली गोष्ट, हा आराखडा अंतिम करण्याआधी तो ग्रामसभेत वाचून दाखवावा, आणि त्यात महसुली गावासोबत प्रत्येक पाड्याचे नाव असावे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. घरे बंद दिसतात आणि पाडा रिकामा समजला जातो. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांची तहान मात्र मोजणीत येत नाही. शहापूर अनुसूचित क्षेत्रात आहे, आणि पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेला अधिकार टंचाईच्या काळात सर्वांत उपयोगी पडू शकतो.

दुसरी, प्रस्ताव, संयुक्त पाहणी आणि मंजुरी या टप्प्यांना दिवसांची मर्यादा असावी. वर्षानुवर्षे टँकर लागणाऱ्या पाड्यांची पाहणी विहीर कोरडी पडण्याआधीच उरकावी.

तिसरी, पाड्यावर एक फलक असावा. टँकर कोणत्या वारी, किती वाजता येणार आणि न आल्यास कोणाला विचारायचे, त्या अधिकाऱ्याचे नाव त्यावर असावे. लोकांचा राग आज ग्रामसेवक, आशाताई आणि पाणीपुरवठा कर्मचारी झेलतात, आणि त्यांच्या हाती निर्णय नसतो. वरिष्ठाने आपले नाव पुढे केले, तर खालच्या माणसाला कामाचे बळ मिळते.

चौथी, जून संपला की जाहीर आढावा घ्यावा. किती टँकर धावले, हा त्या आढाव्याचा मुख्य आकडा नसावा. किती पाडे यादीतून कायमचे वगळले गेले, हा असावा. जलजीवन योजनेत नळ बसवला, पण त्याचा स्रोत मार्चमध्येच आटत असेल, तर ते काम अपुरे समजावे. भावली धरणातून शहापूर तालुक्यात गुरुत्वाकर्षणाने पाणी आणण्याच्या योजनेची प्रगतीही दर महिन्याला इथे जाहीर व्हावी.

१९७२च्या भीषण दुष्काळात महाराष्ट्राने हाताला काम दिले आणि तेवढ्यावर न थांबता १९७७मध्ये वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमीचा कायदा केला. संकटातून कायमची व्यवस्था उभी करणे या राज्याला जमलेले आहे. ठाणे जिल्ह्यालाही ते जमेल.

येत्या ऑक्टोबरातल्या ग्रामसभांना आपण दोघांनी प्रत्येकी एका दुर्गम पाड्यावर उपस्थित राहावे आणि तिथेच आराखडा वाचून दाखवावा, ही विनंती. त्या दिवशी बाया जे प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरे आराखड्यात लिहून घेतली, तर पुढचा उन्हाळा निश्चितच वेगळा असेल.

आपला,
शहापूर तालुक्यातील एक रहिवासी