क्रूस टाकीवर, हेल्मेट घरी



आमच्या भेस्तानमध्ये नवी मोटारसायकल घेतली की पोरे ती आधी रेडियमवाल्याकडे नेतात. टाकीवर पवित्र क्रूस, मडगार्डवर शास्त्रवचन, पुढच्या काचेवर आईचे नाव. वडीलधारी मंडळी म्हणतात, हा पैशाचा नाश आहे. आम्हाला हे पटत नाही. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये बारा तासांची पाळी करून, नवापूर-नंदुरबारला घरी पैसे पाठवून, हप्त्यावर घेतलेली गाडी पोराने सजवली तर बिघडले काय? निर्गमच्या ३१ व्या अध्यायात देवाने बसालेल कारागिराला आपल्या आत्म्याने भरले, ते कलाकुसर करण्यासाठीच. साबणाचे पाणी मारून, एकही बुडबुडा न राहू देता टाकीच्या गोलाईवर चित्र बसवणे हीसुद्धा हातातली कलाच आहे.

आमचे भांडण वेगळे आहे. टाकीवर क्रूस असतो आणि डोक्यावर हेल्मेट नसते. विचारले तर उत्तर तयार असते, ‘प्रभू आहे ना सोबत!’

हा विश्वास नाही. मत्तयच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेऊन हेच सांगतो की उडी टाक, देवदूत झेलतील. त्यासाठी तो शास्त्रवचनही पुढे करतो. प्रभू उडी टाकत नाही. देवाची परीक्षा पाहू नये, असे तो ठणकावतो. सचिनच्या रस्त्यावर कापडाच्या ट्रकांमधून उघड्या डोक्याने गाडी पळवणे ही तीच उडी आहे.

कोणी म्हणेल, दाराच्या चौकटीवर वचन लिहायला देवानेच सांगितले आहे. खरे आहे, अनुवादच्या सहाव्या अध्यायात ते आहे. पण त्याच ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधण्याची आज्ञा आहे, कोणी पडून मरू नये म्हणून. चौकटीवर वचन लिहिले म्हणून कठडा माफ झाला नाही. दुचाकीवर हेल्मेट हाच कठडा आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२९ प्रमाणे तो मागे बसणाऱ्यालाही बंधनकारक आहे. तेव्हा मागे बसलेल्या बायकोच्या डोक्याचे काय, तेही सांगा.

स्टिकर कुठे लावता हेही पाहा. नंबर प्लेटवर चित्र किंवा नाव चालत नाही. मागचा दिवा झाकला तर रात्री ट्रकवाल्याला तुम्ही दिसणार नाही. हेल्मेटवर रंग किंवा स्टिकर लावू नका, अशी सूचना अनेक कंपन्या हेल्मेटवरच देतात, कारण रंगातले आणि चिकटातले रसायन कवच कमकुवत करू शकते.

आणि प्रभूचे नाव लावून उलट्या बाजूने गाडी घातली, तर शिवी कोणाच्या नावाने पडते? देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये ही आज्ञा रस्त्यावरही लागू आहे. दिखाव्यासाठी मंत्रपत्रे रुंद करणाऱ्यांना प्रभूने काय सुनावले, ते मत्तयच्या २३ व्या अध्यायात वाचा.

म्हणून आमची धर्मगुरूंना आणि सर्व कुटुंबांना विनंती आहे. गाडी आशीर्वादाला आणाल तेव्हा आयएसआय छापाची दोन हेल्मेटेही आणा आणि पवित्र पाणी त्यांच्यावरही शिंपडू द्या. रेडियमला पैसे पुरतात, तर हेल्मेटलाही पुरतील.

प्रभू येशू आपल्या सर्वांना रोज सुखरूप घरी आणो, आणि त्यासाठी आपल्या वाटणीचे काम करण्याची बुद्धी देवो. आमेन.